मुलाने दिलेली धमकी आणि शाळेने केलेली चौकशी : माझा अनुभव

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात सातवीत शिकणाऱ्या माझ्या मुलाने जेवणाच्या सुट्टीत एका वर्गमित्राला जिवे मारण्याची भाषा केली आणि त्याच दुपारी मला आणि पत्नीला शाळेत बोलावणे आले. २००७ साली व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांचा बळी घेतल्यानंतर या राज्यात धमकीचे मूल्यमापन करणारी पथके आधी महाविद्यालयांत आणि २०१३ च्या कायद्याने सार्वजनिक शाळांतही सक्तीची झाली. आमच्यासमोर अशाच पथकातील उपमुख्याध्यापिका, समुपदेशक, एक शिक्षक आणि शाळेत नेमलेला गणवेशातील पोलीस अधिकारी असे चौघे बसले होते. कंबरेला पिस्तूल असलेला माणूस समोर असताना बारा वर्षांचा मुलगा मोकळेपणाने बोलेल, ही अपेक्षा मला तेव्हाही पटली नाही आणि आजही पटत नाही.

प्रश्न मात्र नेमके होते. तू कोणत्या शब्दांत बोललास, त्याचा अर्थ काय होता, ते ऐकून त्या मुलाला काय वाटले असेल, आणि आता तू काय करणार आहेस? समुपदेशक त्याचे शब्द जसेच्या तसे टिपून घेत होत्या. माझ्या पत्नीने मध्येच 'त्याला तसे म्हणायचे नव्हते' असे सांगितले, तेव्हा त्यांनी नम्रपणे तिला थांबवले. त्या मुलाचे आणि साक्षीदारांचे जबाब आधीच झाले होते. व्हर्जिनिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ड्यूई कॉर्नेल यांनी सहकाऱ्यांसह विकसित केलेल्या या पद्धतीत धमकी रागाच्या भरात निघून गेलेली, म्हणजे क्षणिक आहे, की तिच्यामागे खरोखर इजा करण्याचा हेतू आहे, हे आधी ठरवतात. लक्ष्य, वेळ आणि जागा ठरलेली असणे, शस्त्राची जमवाजमव किंवा कोणाला तरी सोबत घेण्याचा प्रयत्न ही दुसऱ्या प्रकाराची लक्षणे मानली जातात.

मग 'घरात बंदूक आहे का?' असे आम्हाला विचारण्यात आले. पत्नीचा चेहरा उतरला. आमच्याकडे भाजी चिरायच्या सुऱ्यांपलीकडे काहीच नव्हते. परंतु अमेरिकी सीक्रेट सर्व्हिस (राष्ट्राध्यक्षांची सुरक्षा सांभाळणारी यंत्रणा) आणि शिक्षण विभागाने १९७४ ते २००० या काळातील शाळांमधील ३७ हल्ल्यांचा जो अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात दोन-तृतीयांशांहून अधिक हल्लेखोरांनी बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या घरातूनच मिळवली होती, हे ठाऊक असल्यामुळे मला त्या प्रश्नाचा राग आला नाही. हल्लेखोराचा कोणताही ठरावीक साचा नसतो, हाही त्याच अभ्यासाचा निष्कर्ष आहे. त्यामुळे मुलगा अबोल आहे किंवा युद्धाचे व्हिडिओ गेम खेळतो, एवढ्यावर पथकाने काही ठरवले नाही, याचे मला समाधान वाटले.

धमकी क्षणिक ठरली आणि मुलाने समोरासमोर माफी मागितली. वर्गाबाहेर ठेवण्याची शिक्षा मात्र त्याला वेगळी झाली, कारण शिस्तभंगाची कारवाई आणि मूल्यमापन या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत; हा फरक आम्हाला कोणी आपणहून समजावला नाही. त्याहून खटकले ते हे की, तोच वर्गमित्र महिनोन्‌महिने बसमध्ये त्याचा डबा हिसकावून वासाची टिंगल करत होता, हे मुलाने जबाबात सांगूनही निष्कर्षाच्या कागदावर त्याचा उल्लेख नव्हता. मी अहवालाची प्रत मागून घेतली आणि ही तक्रार लेखी दिली. त्यानंतरच बसमधील जागा बदलल्या आणि समुपदेशकांनी त्या दुसऱ्या मुलाच्या पालकांनाही बोलावून घेतले.