रक्तात कळतं का हो, मॅडम?

आमची लॅब सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून चालत पाच मिनिटांवर. शुगर, थायरॉइड, डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट, असलं रोजचं काम. पण वर्षातून दहा-बारा जण तरी असे येतात, की गर्दी ओसरेपर्यंत बाकावर बसून राहतात आणि मग काउंटरवर वाकून हळूच विचारतात, "मॅडम, डोक्याचा आजार घराण्यातून येतो का, ते रक्तात कळतं का हो?" कुणाच्या मुलीचं लग्न ठरत असतं, कुणाच्या सुनेला दिवस गेलेले असतात. ज्यांच्या घरी पेशंट आधीच आहे त्यांचा प्रश्न वेगळा. "तीन औषधं बदलून झाली. कुठलं लागू पडेल ते रक्त तपासून आधीच सांगतात म्हणे?"

आता तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगते. मी डॉक्टर नाही. तेवीस वर्षं लोकांच्या शिरा शोधणारी टेक्निशियन आहे. पण हा प्रश्न आमच्या स्वतःच्या घरात येऊन बसला, म्हणून त्याच्यामागे लागून मी बरंच वाचलं, डॉक्टरांना विचारलं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: घराण्यातून येतो, पण रक्तात कळत नाही. ऐकणाऱ्याला ही पळवाट वाटते, म्हणून आकडे सांगते. स्किझोफ्रेनिया, म्हणजे ज्यात माणसाला भास होतात, नसलेलं खरं वाटतं तो आजार, साधारण शंभरात एकाला होतो. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला असेल, तर शंभरात दहाच्या आसपास. म्हणजे धोका दहापट झाला हे खरं, आणि तरी शंभरातले नव्वद जण त्यातून सुटतात हेही खरं. लग्नाच्या बैठकीत यातलं पहिलंच वाक्य ऐकू येतं. एका बीजाच्या जुळ्यांमध्ये एकाला हा आजार असेल, तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण शंभरात तीस ते पन्नासच्या दरम्यान. जनुकं तंतोतंत तीच, तरी निम्मे तरी वाचतात.

आता त्या जनुकांचं. जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून 2022 साली स्किझोफ्रेनियाच्या शहात्तर हजारांहून जास्त पेशंटांची जनुकं निरोगी लोकांच्या जनुकांशी ताडून पाहिली. हाती आलं काय, तर गुणसूत्रांवरच्या 287 जागा. प्रत्येक जागेचा वाटा अगदी नखाएवढा. आमच्या घरी माग होते, त्यामुळे मला हे चादरीवरून समजतं. जेकार्डवर, म्हणजे नक्षीच्या मागावर, विणलेल्या चादरीत एखादा धागा इकडचा तिकडे झाला तरी मोर मोरच दिसतो. पुष्कळ धागे एकदम सरकले, वर ताणही बिघडला, तर नक्षी फसते. आणि ते सरकलेले धागे थोडेफार तुमच्या-माझ्यातही आहेतच. शिवाय आजवरच्या अशा अभ्यासांत बहुतेक माणसं युरोपीय वंशाची. त्यावर बेतलेला हिशेब आमच्या विडी घरकुल वस्तीतल्या मुलीला जसाच्या तसा कसा लावणार? बंगळुरूला निम्हान्स ही मनाच्या आणि मेंदूच्या आजारांची मोठी सरकारी संस्था आणि तिथल्या संशोधन संस्था मिळून एकाच घरात अनेक पेशंट असलेल्या आपल्याकडच्या कुटुंबांचा अभ्यास करतायत, हे त्यातल्या त्यात बरं.

इथे एक जोडून सांगायला हवं. आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत अजून आहे, त्यामुळे लोक सगळे घराण्याचे आजार एकाच टोपलीत टाकतात. थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराचा मायनर प्रकार अंगात आहे का, ते रक्तात चक्क कळतं. लग्नाआधी दोघांनी तपासावं, मी स्वतः मागे लागून करायला लावते. तिथे एका जनुकाचा मामला असतो. मनाच्या आजारांचं तसं नाही.

दुसरा प्रश्न औषधाचा, आणि तिथे मला दादाचं सांगावं लागेल.

2004 साली दादा खचला. कारखान्यात जाईना, अंघोळ करेना. डॉक्टरांनी डिप्रेशन म्हणून गोळी सुरू केली. त्यांनी विचारलं होतं, "घरात अजून कुणाला असं झालं होतं?" आई पदर सावरत म्हणाली, "नाही, आमच्यात कुणालाच नाही." मी शेजारीच बसले होते, मलाही तेच खरं वाटलं. पाच-सहा आठवड्यांनी दादा हसायला लागला, मग बोलायला लागला, मग थांबेचना. आमचे माग तीन. दादाने रात्री दोन वाजता सूतवाल्याला फोन करून चाळीस मागांचं सूत मागवलं. सकाळी टेम्पो दारात. बायपोलर, म्हणजे कधी पार खचणं तर कधी अती उसळणं अशा दोन टोकांच्या आजारात नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर माणूस असा उलट्या टोकाला जाऊ शकतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढची दीड वर्षं गोळ्या बदलण्यात गेली. एकीने नुसता झोपायचा, दुसरीने हात थरथरायचे.

एका दुपारी आई शेंगा कुटत होती. मी समोर बसून लसूण सोलत होते. उखळातला हात न थांबवता ती म्हणाली, "तुझ्या मोठ्या मामाला मिठाच्या गोळ्या होत्या. पुण्याहून यायच्या. त्याने तो माणसात आला." मामा गेल्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती. मिठाची गोळी म्हणजे लिथियम, बायपोलरवरचं औषध. लिथियम कार्बोनेट हे क्षारच आहे, आणि डॉक्टरांनी मामाला मीठ एकदम कमी-जास्त करू नका म्हणून बजावलेलं, त्यावरून घरातलं हे नाव. आईच्या पाठच्या तीन बहिणींची लग्नं व्हायची होती, म्हणून ही गोष्ट माहेरच्या उंबऱ्याबाहेर कधी गेलीच नाही. मी लसूण तसाच टाकून डॉक्टरांकडे गेले.

लिथियमचा मनाच्या आजारावरचा गुण 1949 साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी दाखवला. ते सगळ्यांना लागू पडत नाही. साधारण तिघांतल्या एकाला मात्र असं लागू पडतं, की आजार होता हे लोक विसरतात. आणि हा गुण घराण्यात चालतो, हे डॉक्टरांना जनुकं वाचता येण्याच्या आधीपासून दिसत आलंय. भावाला लिथियम मानवलं तर बहिणीला मानवण्याची शक्यता जास्त. 2016 साली अडीच हजारांवर पेशंटांची जनुकं तपासली, तेव्हा एकविसाव्या गुणसूत्रावर काही खुणा सापडल्या. पण त्या बघून डॉक्टरने चिठ्ठी लिहावी, एवढा त्यांचा भरवसा नाही. दादाच्या बाबतीत ते काम शेंगा कुटताना निघालेल्या एका वाक्याने केलं.

मग रक्ताच्या तपासणीचा काहीच उपयोग नाही का? थोडा आहे. औषध यकृतात किती वेगाने मोडतं, हे ठरवणारी काही जनुकं ओळखीची आहेत. सीवायपी 2 सी 19 नावाचं एक आहे, एस्सिटॅलोप्राम ही डिप्रेशनची गोळी मोडायचं काम मुख्यत्वे त्याचं. ते मंद असलेली माणसं आपल्याकडे बरीच. त्यांना नेहमीचा डोसही जास्त होऊ शकतो. यावरून डोस बेतता येतो, पण गोळीने मन ताळ्यावर येईल का, ते कळत नाही. दुसरी तपासणी खरोखर जीव वाचवणारी आहे. कार्बामाझेपिन ही फिट्सवर आणि बायपोलरवर देतात ती गोळी सुरू करण्याआधी जनुकाचा एचएलए-बी 15:02 हा प्रकार आहे का, ते बघणं. तो असलेल्या माणसाला त्या गोळीने अंगाची कातडी सोलून निघण्याइतकी भयंकर रिअॅक्शन येऊ शकते. ही गोष्ट तैवानच्या डॉक्टरांनी 2004 साली दाखवून दिली, आणि आशियाई वंशाच्या लोकांत हा प्रकार जास्त सापडतो.

बाकी पॅकेजं. आमच्याकडेही एक एजंट चकचकीत माहितीपत्रक घेऊन आला होता. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची आणि कुठली गोळी चालेल, कुठली नाही, याची हिरवी-लाल यादी मिळवायची. माझं कमिशन किती, ते त्याने पहिल्या पाच मिनिटांतच सांगितलं. अमेरिकेच्या एफडीए या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने 2018 सालीच बजावलंय, की अशा बऱ्याच तपासण्यांच्या दाव्यांना पुरेसा पुरावा नाही, त्यांच्या भरवशावर औषधं बदलू नका. मी माहितीपत्रक ठेवून घेतलं. मागची बाजू कोरी होती, हिशेबाला चांगली.

तेव्हा काउंटरवर कुणी वाकलं की मीच आधी विचारते, घरात कुणाला होतं का, आणि कुठल्या गोळीने त्यांना बरं वाटलं? बहुतेक जण म्हणतात, "नाही, आमच्यात कुणालाच नाही." अगदी आईच्याच सुरात.

दादाचं लिथियम अजून चालू आहे. त्याची लेव्हल बघायला रक्त मीच घेते. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी, आणि प्लेन बल्बमध्ये, म्हणजे रक्त घ्यायच्या साध्या नळीत. एकदा नव्या मुलीने हिरव्या झाकणाच्या बल्बमध्ये घेतलं. त्या बल्बात रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपरिन असतं, त्यातलं लिथियमही मोजलं जातं. रिपोर्ट आला अडीचच्या वर. लेव्हल हवी असते 0.6 ते 1 च्या दरम्यान. माझे पाय गळाले, आणि दादा समोर बसून शांतपणे चहा पीत होता. सोबत दर सहा महिन्यांनी किडनीसाठी क्रिएटिनिन, आणि थायरॉइड. मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या उन्हात घाम फार जातो, पाणी कमी पडलं की लेव्हल चढते, म्हणून तेव्हा एक तपासणी जास्तीची. गुडघे दुखले तरी मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणायची नाही, बऱ्याच पेनकिलरनेही लेव्हल चढते.

त्याच्या मुलीला आता स्थळं येतायत. आई म्हणते, विचारलं तर सांगू. पुतणी म्हणते, विचारायच्या आधी सांगायचं, आणि गोळीचं नावही सांगायचं. पहिल्या बैठकीत तिने तसंच केलं. पोहे संपवून मंडळी गेली, ती परत फिरकली नाहीत. "बरं झालं," ती बशा उचलत म्हणाली, "मुलगा तसाही दोन वाक्यांत तीनदा मोबाइल बघत होता."