ओम्नीच्या सीटखालची टिकटिक

शाळेच्या मुलांची ने-आण करणारी सीएनजीवरची मारुती ओम्नी. काका ती घेऊन भोसरीतल्या माझ्या गॅरेजात आले आणि उतरायच्या आधीच म्हणाले, "भाऊ, टॅपेट वाजतंय. दुसरीकडे सेट करून घेतले, पुन्हा एकदा घट्ट करून घेतले, तरी टिकटिक जाईना. आणि आता पिकअपही पडलाय."

शेवटचं वाक्य ऐकून मला खटकलं. टॅपेट सेट करणं म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली बारीक फट, म्हणजे गॅप, ठरवणं. त्याने पिकअप पडायचं कारण नाही.

आलेली गाडी गरम होती आणि आवाज बारीक होता. गरम इंजिनवर या आवाजाचा छडा लागत नाही, म्हणून गाडी रात्रभर ठेवून घेतली. डिसेंबरची थंडी होती, ते बरंच झालं. सकाळी सीट उचलून स्टार्टर मारला तर टिकटिक चांगली खणखणीत. ॲक्सिलरेटर दिला की आणखी करकरीत. मग इंजिन जसं तापत गेलं तसा आवाज विरत गेला.

इथेच टॅपेटवरचा माझा संशय निम्मा उतरला. या ७९६ सीसीच्या इंजिनात तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह आणि रॉकरला स्क्रू-नटाचं साधं ॲडजस्टमेंट असतं. थंड असताना गॅप साधारण ०.१५ मिलिमीटर ठेवतात. इंजिन तापलं की ॲल्युमिनियमचं हेड जास्त प्रसरण पावतं आणि गॅप वाढतो. म्हणजे टॅपेटचा आवाज तापल्यावर वाढायला हवा. इथे उलटं होत होतं. मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांचा धूर एकत्र करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळकांड्याच्या, जोडातून धूर निसटत असेल तर मात्र असंच होतं, कारण लोखंड तापून फुगलं की फट आपोआप दाबली जाते.

यात माणूस फसतो तो तालामुळे. व्हॉल्व्ह क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो आणि त्या सिलिंडरचा धूरही दोन फेऱ्यांत एकदाच बाहेर फेकला जातो. ॲक्सिलरेटर न देता, म्हणजे आयडलला, मिनिटाला नऊशे फेऱ्या धरल्या तर दोन्हींचे मिनिटाला साडेचारशे ठोके. नुसत्या कानाला फरक कळत नाही. म्हणून रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं फिरवत नेलं. टॅपेट कव्हरवर आवाज मंद होता, खाली एक्झॉस्टच्या बाजूला एकदम फटफटीत. मग एकेका प्लगची वायर काढून पाहिली. पहिल्या दोन सिलिंडरना काही फरक नाही, तिसऱ्याची काढली आणि टिकटिक जवळजवळ बंद. प्लग पेटला नाही तरी रॉकर हलतच असतो, त्यामुळे टॅपेट असतं तर ते वाजत राहिलं असतं.

इंजिन गार होऊ दिलं. सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबून कंप्रेसरची हवा हलकी सोडली आणि मॅनिफोल्डच्या जोडावर साबणाचं पाणी मारलं. तिसऱ्या सिलिंडरच्या धुराच्या तोंडापाशी फेस उकळल्यासारखा वर आला. मॅनिफोल्ड धरून ठेवणारा कडेचा स्टड, म्हणजे आट्यांची सळई, हेडच्या पृष्ठभागाला लागून तुटलेला होता आणि तिथली जोड बंद ठेवणारी गॅस्केट काळी पडून खाल्ली गेली होती.

मी काकांना विचारलं, "गाडीत बसून डोकं दुखतं का?" ते म्हणाले, "रोजच. ट्रॅफिकमुळे असेल." आणि मग थांबून, "पुढे बसणारी एक मुलगी उलटीची तक्रार करते." ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. फटीतला धूर थेट माणसांच्या पायाशी सुटत होता. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरून बसतो. थंडीत काचा बंद. डोकेदुखी त्यानेच होती असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण त्यांना स्पष्ट सांगितलं, काम पूर्ण होईपर्यंत या गाडीत एकही मूल बसवायचं नाही. त्यांनी तिथूनच फोन करून ओळखीच्या व्हॅनवाल्याला फेऱ्या दिल्या.

मॅनिफोल्ड उतरवायच्या आधी टॅपेट कव्हर काढलं. तिसऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या रॉकरखाली गॅप मोजायची ०.०५ मिलिमीटरची पातीसुद्धा जाईना. आवाज दाबायला म्हणून स्क्रू आवळत नेला होता. अशाने व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर, म्हणजे सीटवर, पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरातला दाब सुटतो आणि बसताना सीटला जी उष्णता द्यायची ती न दिल्याने व्हॉल्व्ह जळतो. सीएनजीवर तर हा धोका दुप्पट मानावा, कारण कोरडं जळणारं इंधन सीट झिजवतं, व्हॉल्व्ह आत रुततो आणि गॅप मुळातच कमी होत जातो. गेज लावलं तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्या दोघांपेक्षा बरंच खाली होतं. सगळे गॅप ०.१५ वर आणले, पुन्हा मोजलं आणि ते जवळपास बरोबरीला आलं. व्हॉल्व्ह वाचला होता. हेड उतरवायचा खर्च टळला याचा मला काकांइतकाच आनंद झाला.

तुटका स्टड काढणं मात्र जिवावरचं काम. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये ड्रिल जरा सरकलं की आटे गेले. तुटक्या स्टडवर नट ठेवून मधून वेल्डिंग भरलं, गार व्हायला वेळ दिला आणि पान्याने अगदी थोडं पुढे-मागे, पुढे-मागे करत तो बाहेर काढला. मॅनिफोल्डवर सरळ पट्टी धरली तर टोकाला उजेड दिसला, म्हणजे तो वाकला होता; म्हणून मशिन शॉपमध्ये त्याचा पृष्ठभाग सपाट करून आणला. नवी गॅस्केट, नवे स्टड, नट पितळी, म्हणजे पुढच्या वेळी गंजून धरणार नाहीत. आवळताना मधून कडेकडे.

दुसऱ्या दिवशी थंड स्टार्ट दिला. काकांनी कान लावला आणि चेहरा पडला. "भाऊ, बारीक येतोय की अजून." येत होता, टॅपेटचा. या इंजिनात गॅप बरोबर असला की तेवढी खुळखुळ असतेच. कोणी ती बंद करून देतो म्हटलं तर करू देऊ नका, असं त्यांना बजावलं आणि टॅपेट पुन्हा किती किलोमीटरवर तपासायचे तो आकडा डॅशबोर्डवर चिकटवून दिला. आठवडाभराने नट परत आवळायला ते आले, तेव्हा फेऱ्या सुरू झाल्या होत्या आणि चढावर दुसऱ्या गिअरला गाडी दम टाकत नव्हती.