नर्व्ह स्टिम्युलेटरमधला उरलेला चार्ज काढताना

शरीरात बसवायच्या, नसांना विजेचे पल्स देणाऱ्या स्टिम्युलेटरचे ऋण आणि त्याची भरपाई करणारे धन पल्स स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) तंतोतंत सारखे दिसले, तरी मी त्यावर विश्वास ठेवत नाही. 1 मिलिअँपिअरचा 200 मायक्रोसेकंदांचा पल्स म्हणजे 200 नॅनोकूलंब. दोन दिशांना दोन वेगळे करंट सोर्स असले आणि त्यांच्यात 1 टक्का फरक पडला, की दर पल्सला 2 नॅनोकूलंब मागे राहतात. सेकंदाला 100 पल्स असतील, तर हा झाला 200 नॅनोअँपिअर डीसी, म्हणजे सरासरीने एकाच दिशेने वाहणारा करंट. सर्वसाधारणपणे 100 नॅनोअँपिअरची मर्यादा धरतात. आणि 1 टक्का स्कोपवरच्या रेषेच्या जाडीतच लपतो.

म्हणून मी एकच सोर्स ठेवला आणि एच-ब्रिजने (चार स्विचच्या जोडणीने) दिशा उलटवली. दोन्ही पल्सची रुंदी एकाच टायमरवरून. मग उरतो तो मुख्यतः स्विचिंगच्या वेळी सांडणारा चार्ज.

मोजणीत खरी मेख आहे. इलेक्ट्रोडच्या सिरीजमधला 1 मायक्रोफॅरडचा ब्लॉकिंग (डीसी अडवणारा) कपॅसिटर तसाच ठेवला, तर सरासरी करंट शून्यच येणार, फुकटचं समाधान! तो शॉर्ट करायचा, डिस्चार्ज (पल्सनंतर स्विचने इलेक्ट्रोड शॉर्ट करून उरलेला चार्ज काढणं) बंद ठेवायचा आणि 1 किलोओहमच्या लोडवरचं व्होल्टेज 100 किलोओहम व 1 मायक्रोफॅरड फिल्म कपॅसिटरच्या फिल्टरमधून मायक्रोव्होल्ट दाखवणाऱ्या मीटरवर वाचायचं. 200 नॅनोअँपिअरला 200 मायक्रोव्होल्ट. करंट शून्य ठेवून आलेलं रीडिंग त्यातून वजा करायचं. कपॅसिटिव्ह लोडवर 10 मेगाओहमचा प्रोबही लावून ठेवू नये : 1 व्होल्टला तोच 100 नॅनोअँपिअर खातो.

डिस्चार्जचा हिशोब सोपा. इलेक्ट्रोड आणि ब्लॉकिंग कपॅसिटर दोन्ही 1 मायक्रोफॅरड, म्हणजे सिरीजमध्ये अर्धा. वाटेतला एकूण रेझिस्टन्स 2 किलोओहम. टाइम कॉन्स्टंट 1 मिलिसेकंद, आणि 100 हर्ट्झला पल्स संपल्यावर 9 मिलिसेकंदांहून जास्त वेळ मिळतो. मात्र लहान सिरॅमिक कपॅसिटरचा छापील आकडा खरा मानू नये, डीसी व्होल्टेज चढलं की तो घटतो.

सलाइनमध्ये प्लॅटिनमचं व्होल्टेज सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या तुलनेत सुमारे -0.6 ते +0.8 मध्ये राहायला हवं. इथे हिशोबातला अचूक समतोलही पुरत नाही. ऋण चार्जचा थोडा भाग रासायनिक क्रियेत खर्च होतो, त्यामुळे इलेक्ट्रोड धन बाजूला सरकतो. मी धन पल्स किंचित आखूड ठेवून बाकीचं डिस्चार्जवर सोडतो.

एकाहून जास्त चॅनेल असतील, तर एक पल्स देत असताना दुसऱ्याचा डिस्चार्ज स्विच उघडाच (म्हणजे जोडणी तुटलेलाच) हवा, नाहीतर तो इलेक्ट्रोडही रिटर्न होऊन करंट पळवतो.