अथेन्समधली सहावी मूर्ती

आज अ‍ॅक्रोपोलिसच्या टेकडीवर पार्थेनॉन डोळे भरून पाहिलं. इ.स.पू. ४४७ मध्ये बांधायला घेतलेलं हे देऊळ. १६८७ मध्ये तुर्कांनी आत दारूगोळा साठवलेला असताना व्हेनिसच्या तोफेचा गोळा पडला आणि त्याचा मधला भाग उडाला.

पण जीव अडकला तो पायथ्याच्या संग्रहालयात. टेकडीवरच्याच इरेक्थियॉन या दुसऱ्या देवळाचं छत डोक्यावर पेलणाऱ्या सहा स्त्रियांपैकी पाच मूळ मूर्ती इथे आहेत (टेकडीवर दिसतात त्या प्रतिकृती). सहावी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. तिची जागा इथे मोकळी ठेवलीय. चेहरे झिजलेत, पण मागे जाऊन बघा: पाठीवर उतरलेल्या जाडजूड वेण्यांचे पेड अजून स्पष्ट दिसतात!

वरच्या मजल्यावर पार्थेनॉनचा मिरवणुकीचा शिल्पपट्ट. मूळ संगमरवर मधाच्या रंगाचा आणि लंडनला नेलेल्या तुकड्यांच्या जागी पांढऱ्याफटक प्लास्टरच्या प्रतिकृती. ते तुकडे परत यायलाच हवेत, असं मला मनापासून वाटतं. आपल्या आंध्रातल्या अमरावती स्तूपाची शिल्पंही त्याच ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

कुणी जाणार असाल तर टेकडी सकाळी लवकर चढा, वरचा दगड गुळगुळीत झालाय म्हणून पकड असलेले बूट घाला, आणि संग्रहालय घाईत उरकू नका.