आमची वाटचाल : उडत्या तबकडीमागचं वर्कशॉप

मी मूळचा कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीत कामाला हात बसला आणि नोकरीनिमित्त अमेरिकेत, ओहायोतल्या डेटनला आलो. शेजारच्या व्हँडेलियात १९२४ पासून दर ऑगस्टला ट्रॅप नेमबाजीची, म्हणजे यंत्राने हवेत फेकलेली तबकडी बंदुकीने टिपण्याच्या खेळाची, मोठी स्पर्धा भरायची, ग्रँड अमेरिकन. विमानतळाला लागून मैलभराहून लांब रेंजची रांग, आणि ठिकठिकाणी तबकडी फेकणारी यंत्रं. यंत्र म्हटलं की बिघाड आलाच. त्या दुरुस्तीवरच आमचं वर्कशॉप उभं राहिलं.

या खेळाचं मोठं वळणही ओहायोतलंच. पूर्वी जिवंत कबुतरं सोडून नेम धरत, मग काचेचे गोळे आले. १८८० मध्ये सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीने भाजक्या मातीची तबकडी काढली. ती एवढी टणक, की छर्रे लागूनही कित्येकदा फुटायची नाही, नुसती खणखणायची. आता माती जाऊन डांबरासारखा पिच आणि चुनखडीची भुकटी आली, तरी नाव ‘क्ले पिजन’च. इथल्या बोलीत सहज गंडवता येणाऱ्या माणसालाही तेच म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. यंत्रापासून १६ यार्ड मागे उभं राहून ‘पुल’ (तबकडी सोडण्याचा इशारा) म्हटल्यावर तबकडी डावीकडे सुटेल की उजवीकडे, हे नेमबाजाला ठाऊक नसतं. ती टिपायला शिकण्यात लोकांची वर्षं जातात.

यंत्र आलं की मी आधी फेकणाऱ्या दांड्यावरची रबरी पट्टी चाचपतो. तिच्यावर घासूनच तबकडीला फिरकी मिळते. पट्टी गुळगुळीत झाली की तबकडी डगमगत जाते. तबकडी फुटकीच बाहेर आली तर पंच ‘नो टार्गेट’ देतात, म्हणजे ती फेक धरत नाहीत, आणि नेमबाजाची लय मोडते. म्हणून स्प्रिंगचा ताण लावल्यावर अख्खं मॅगझिन, म्हणजे यंत्रात रचलेल्या सगळ्या तबकड्या, फेकून पाहिल्याशिवाय आम्ही यंत्र परत देत नाही. कडक उन्हात पिच मऊ पडून तबकड्या एकमेकींना चिकटतात. तक्रार यंत्राची येते, दोष उन्हाचा असतो.

२००६ साली स्पर्धा इलिनॉयमधल्या स्पार्टाला गेली आणि ऑगस्टचं काम एका फटक्यात थांबलं. बायकोने हिशेब सांभाळला. मी पिकअपमध्ये हत्यारं टाकून गावोगावचे क्लब पालथे घातले, अगदी प्रसिद्ध नेमबाज ॲनी ओकलीचं माहेर असलेल्या डार्क काउंटीपर्यंत. छोट्या क्लबांकडे जुनी यंत्रं होती आणि ती मनापासून दुरुस्त करणारं कुणी नव्हतं. तिथे आमचं बस्तान बसलं. आता शाळांचे संघही येतात. त्यांचा हंगाम वसंतात सुरू होतो, म्हणून त्यांची यंत्रं आम्ही हिवाळ्यातच उघडतो.