दादरच्या भाड्याच्या घरात दीड दिवसाचा गणपती

परदेशात स्थायिक झालेल्या आमच्यासारख्या बऱ्याच कुटुंबांचं मुंबईत आता स्वतःचं घर उरलेलं नाही. तरी गणपतीला आलो की नुसतं नातेवाइकांकडे आरतीला जाऊन येणं आम्हाला पटत नाही. दादरला आठवडाभर फ्लॅट घ्यावा आणि दीड दिवसाचा का होईना, आपला गणपती बसवावा. पोरांना घरच्या गणपतीची धावपळ त्याशिवाय कळत नाही.

फ्लॅट ठरवतानाच मालकाला पूजेचं सांगा. समई, धूप, कापूर म्हटलं की काही जण ऐनवेळी कुरकुर करतात.

मूर्ती शाडूची, नऊ-दहा इंचांची पुरे. निदान महिनाभर आधी फोनवरून नोंदवा. आणताना पाटासकट धरायची. हाताला किंवा मुकुटाला धरून उचलली तर तिथेच तुटते, आणि सोंड सगळ्यात नाजूक. भाद्रपदातल्या पावसाचा भरवसा नाही, म्हणून तोंडावरच्या रुमालावर प्लास्टिकही हवं, नाहीतर रंग ओघळतात.

फुलं-पत्री आदल्या दिवशी पहाटेच दादर स्टेशनजवळच्या फुलबाजारातून आणा. उन्हं चढली की तिथे पाय ठेवायला जागा नसते. जास्वंदीच्या कळ्याच घ्या, उमललेली फुलं दुसऱ्या दिवशी मान टाकतात. दूर्वा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा.

उकडीचे मोदक दादरला ऑर्डर देऊन मिळतात, पण नैवेद्याचे एकवीस तरी घरी वळावेत. एक वाटी तांदळाच्या पिठाला एक वाटी पाणी, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ. वाफ आली की उकड गरम असतानाच तेल-पाण्याच्या हाताने लोण्यासारखी मऊ होईपर्यंत मळायची. पारी फुटते ती बहुतेक वेळा इथे आळस केल्यामुळे. नाहीतर सारण ओलं राहिलेलं असतं. दहा-बारा मिनिटं वाफ पुरते. फ्रिजमध्ये ठेवले की पारी कडक होते, तेव्हा पाण्याचा हबका मारून पुन्हा वाफवा.

विसर्जन बादलीत करणार असाल तर निर्मळ पाण्यात मुकुट पूर्ण बुडायला हवा. हार-दूर्वा आधी काढून निर्माल्यात टाका. विरघळलेली माती झाडाच्या बुंध्याशी ओता. मोरीत ओतलीत तर पाइप तुंबतो आणि मालकाशी भांडण ठरलेलं. नाहीतर महापालिकेचे कृत्रिम तलाव आहेतच.

दीड दिवसानंतर मंडळं बघायला मोकळे. दादरहून मध्य रेल्वेची धिमी लोकल घ्या, जलद गाडी चिंचपोकळीला थांबत नाही. स्टेशनजवळ 1920 सालापासूनचा चिंतामणी, पुढे गणेश गल्ली आणि लालबागचा राजा. मुलं बरोबर असतील तर नवसाची रांग विसरा, मुखदर्शनाचीच धरा, तीही पहाटे. गर्दीत मोबाइलचं नेटवर्क दगा देतं. मुलांच्या खिशात नंबर लिहिलेली चिठ्ठी हवी. आमची खरी आवड मात्र गिरगावातली केशवजी नाईक चाळ. 1893 पासूनचा सार्वजनिक गणपती, पण मूर्ती आजही लहानशी, आणि समोर निवांत उभं राहता येतं. चर्नी रोडला उतरून चालत जा.

परतीचं विमान अनंत चतुर्दशीचं घेऊ नका. मिरवणुकांमुळे रस्ते बंद असतात, टॅक्सीवाले भाडं नाकारतात. घ्यावंच लागलं तर दादरहून मेट्रो 3 थेट विमानतळाच्या टर्मिनल 2 ला (टी2) जाते. फक्त मध्यरात्रीनंतरच्या विमानासाठीही संध्याकाळीच निघा, कारण रात्री उशिरा मेट्रो बंद होते.