अलॉय की कार्बन? आधी टायर आणि चिखल बघा

ग्रॅव्हल, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरही चालणाऱ्या, सायकलच्या दुकानात दोन फ्रेम शेजारी टांगलेल्या असल्या की हात हलकीकडेच जातो. मध्यम मापाची अलॉय, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, फ्रेम साधारण दीड ते पावणेदोन किलोची, त्याच मापाची कार्बनची एक ते सव्वा किलोची. फरक अर्ध्या किलोचा. आता तुम्ही, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो धरा. त्यातला अर्धा किलो म्हणजे ०.६ टक्के, आणि तासाभराच्या चढावर जेमतेम वीस सेकंद. पाण्याची भरलेली बाटली याहून जड असते. शर्यतीत उतरायचं नसेल तर निव्वळ वजनासाठी कार्बन घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट नेहमी ऐकू येते: कार्बन धक्के पचवतो, अलॉय हाडं खिळखिळी करतो. यात तथ्य आहे, पण थोडंच. कार्बनचे धागे कुठल्या दिशेने घालायचे हे ठरवता येतं, त्यामुळे फ्रेम वरून थोडी लवचिक आणि आडवी ताठ ठेवता येते. तरीही मुरमाच्या रस्त्यावर धक्का पचवायचं काम आधी टायर करतो, मग सीटपोस्ट म्हणजे सीटचा दांडा, फ्रेमचा नंबर त्यानंतरचा. रोड बाइकच्या सवयीने ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरायची आणि दोष फ्रेमला द्यायचा, हे फार होतं. वजन ७५ किलोच्या आसपास असेल आणि टायर ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेला, असेल तर ३० ते ३५ पीएसआयपासून सुरुवात करा, ट्यूब असेल तर चारपाच पीएसआय जास्त. त्यानंतरही कंबर भरून येत असेल तर अलॉय फ्रेममध्ये २७.२ मिलिमीटरचा कार्बन सीटपोस्ट घाला. फ्रेमच्या आत मावतच असेल तर ४५चा टायर त्याहूनही चांगला.

आपल्याकडे खरा प्रश्न पावसाळ्याचा आहे. सह्याद्रीतल्या कच्च्या रस्त्यांवर चिकट मातीत बारीक खडी मिसळलेली असते. हा गोळा टायर आणि चेनस्टे, म्हणजे पॅडलपासून मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची नळी, यांच्या मध्ये अडकला की चाक फिरेल तसं तिथे सँडपेपर चालतो. अलॉयमध्ये रंग जातो, धातू थोडा घासतो. कार्बनमध्ये रंगाखालचा थर गेला की घासतात ते थेट धागे, आणि ताकद त्या धाग्यांतच असते. म्हणून कार्बन घेताना दोन्ही बाजूंना टायरपासून किमान ६ मिलिमीटर मोकळी जागा बघा. चेनस्टेच्या आतल्या बाजूला आणि डाउनट्यूबच्या (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीच्या) पोटाला जाड पारदर्शक फिल्म पहिल्याच दिवशी लावा. बॅगेचे पट्टे जिथे बसतात तिथेही लावा. पट्ट्याखाली धूळ शिरली की चार दिवसांच्या सहलीतसुद्धा खोल व्रण पडतो.

कोकणात आणि गोव्यात खारी हवा असते, तिथे आणखी एक भानगड. कार्बनमधून वीज वाहते. कार्बन फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट असेल आणि मध्ये खारं पाणी किंवा घाम शिरला तर अ‍ॅल्युमिनियम गंजतं. त्यावर पांढरी भुकटी धरते, ती फुगते आणि पोस्ट पाचरीसारखा घट्ट बसतो. मग तो काढताना फ्रेमच फुटायची भीती. पावसाळ्यात महिन्यातून एकदा पोस्ट बाहेर काढा, दोन्ही भाग पुसा, कार्बन पेस्ट (पकड वाढवणारी खरखरीत पेस्ट) लावून परत बसवा. पोस्ट किंवा फ्रेम यातलं एक जरी कार्बनचं असेल तर पेस्टच, ग्रीस नाही. दोन्ही अलॉयचे असतील तर ग्रीस. पोस्ट निघालेलाच आहे तर सायकल उलटी करून आत साठलेलं पाणीही काढून टाका.

कार्बन फ्रेम बऱ्याचदा बिघडते ती पान्याखाली. सीटपोस्ट आवळणाऱ्या सीटक्लॅम्पवर किती जोराने आवळायचं ते, बहुधा ५ न्यूटन मीटर, छापलेलं असतं. पोस्ट खाली सरकतोय म्हणून अंदाजाने आणखी पाव फेरा आवळला की क्लॅम्पच्या खाचेपासून बारीक चीर निघते. पोस्ट सरकत असेल तर उपाय पेस्टचा, जोराचा नाही. टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळू देणारा पाना, नसेल तर कार्बन घेऊच नका. रिपेअर स्टँडचा जबडाही टॉपट्यूबला (वरच्या आडव्या नळीला) लावायचा नाही, सीटपोस्टला लावायचा.

अलॉयलाही मरण आहेच. अ‍ॅल्युमिनियम दर धक्क्याने थोडं थोडं थकतं. चीर जाते ती बहुधा वेल्डच्या कडेने: हँडलखालच्या हेडट्यूबच्या खाली, बीबीजवळ (बॉटम ब्रॅकेट, जिथे पॅडलचा आस फिरतो), चेनच्या बाजूच्या चेनस्टेवर. धुतल्यावर टॉर्च तिरका धरून बघा, रंगातली केसाएवढी रेघ नखाला लागते. शंका आली तर सायकल थांबवा. नाक्यावर वेल्डिंग करून घेऊ नका. ६०६१ या प्रकारच्या अ‍ॅल्युमिनियमची नळी उष्णता देऊन कडक केलेली असते, वेल्डच्या आचेने ती तिथे मऊ पडते. कार्बनची दुरुस्ती मात्र जाणकाराकडे चांगली होते, हा त्याचा मोठा गुण.

जुनी कार्बन सायकल घेताना नाण्याने टकटक करा. आवाज टणक हवा. कुठे बद्द वाजला तर दुसऱ्या बाजूच्या त्याच जागेवर वाजवून बघा, कारण नळीची जाडी बदलली की आवाजही बदलतो. दोन बाजूंत फरक असेल तर आत थर सुटलेले असू शकतात.

आणि बजेट ठरलेलं असेल तर त्याच पैशात मिळणारी अलॉय सायकल घ्या, हायड्रॉलिक ब्रेक आणि चांगली चाकं असलेली. मेकॅनिकल, म्हणजे केबलच्या, ब्रेकवाल्या कार्बनपेक्षा ताम्हिणीच्या ओल्या उतारावर ती जास्त कामाची. बीबी आटे असलेला बघा, प्रेसफिट, म्हणजे नुसता दाबून बसवलेला, पावसात लवकर कुरकुरतो. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, बहुतेक अलॉय सायकलींनाही कार्बनचाच असतो, तेव्हा पडल्यावर त्याची तपासणी चुकत नाही. फ्रेम कुठलीही असो, मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) जादा हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, त्याच दिवशी घेऊन ठेवा. फ्रेमला यूडीएच, म्हणजे अनेक कंपन्यांना सामाईक असलेला हँगर, बसत असेल तर तो सहज मिळतो, नाहीतर त्या मॉडेलचाच लागतो, आणि वाकलेल्या हँगरपायी सायकल आठवडाभर घरात उभी राहते.